धोऱ्याखाली 'दिसलेलं' मीठ: थारच्या वाळवंटातल्या एका गुरुत्व सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

ऊस, केळी किंवा द्राक्षं घेणाऱ्या शेतकऱ्याला एमओपीची, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश या खताची गोणी नवी नाही. त्या गोणीतलं पोटॅश परदेशातून येतं, कारण देशाची या खताची गरज जवळपास पूर्णपणे आयातीवर चालते. आपल्याकडे पोटॅश असण्याची सर्वात मोठी आशा आहे ती राजस्थानच्या वायव्येकडच्या नागौर-गंगानगर खोऱ्यात. तिथे वाळूखाली शेकडो मीटरवर हनसेरान नावाने ओळखले जाणारे मिठाचे जाड थर आहेत. १९७०च्या दशकापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे खोल बोअर घेतले आणि मिठाच्या थरांमध्ये पोटॅशची खनिजं सापडली. लखासर, सतीपुरा ही नावं या संदर्भात पुन्हा पुन्हा येतात. २०२३च्या खाणकायदा दुरुस्तीनंतर पोटॅश हे केंद्राने लिलाव करायच्या खनिजांच्या यादीत आलं आणि या भागातल्या शोधकामाला वेग आला.

खोल बोअर महाग असतो. म्हणून तो कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी जमिनीवरून भूभौतिक मोजणी होते आणि मिठासाठी त्यातली पहिली मोजणी म्हणजे गुरुत्व. मीठ हलकं असतं, त्याची घनता घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅमच्या आसपास. भोवतालचे वालुकाश्म आणि चुनखडक साधारण २.४ ते २.७. मीठ जिथे जाड, तिथे गुरुत्व किंचित कमी. हा 'किंचित' किती असतो ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. खडक आणि मीठ यांच्या घनतेत ०.३५ चा फरक धरला आणि मिठाची जाडी ५० मीटरने वाढली, तर विस्तीर्ण थरासाठी फरक येतो ०.७३ मिलिगॅल (हे गुरुत्व मोजण्याचं एकक). पृथ्वीचं एकूण गुरुत्व सुमारे ९,८०,००० मिलिगॅल. म्हणजे दहा लाखांत एकाहूनही कमी भाग शोधायचा आहे, तोही पायाखाली सरकणाऱ्या वाळूवर उभं राहून.

पुढे दिलेलं प्रकरण कुठल्या एका तुकडीचं नाही. अशा कामांत जे वारंवार घडतं ते एका रेषेवर आणून मांडलं आहे. आकडे सूत्रांतून काढलेले आहेत, कुणीही कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळू शकतो.

जागा, माणसं, यंत्र

बीकानेर जिल्ह्यातला धोऱ्यांचा मुलूख. धोरा म्हणजे वाळूची टेकडी. थारमधले बहुतेक धोरे नैर्ऋत्य-ईशान्य दिशेला लांबलेले असतात, कारण ते पावसाळी नैर्ऋत्य वाऱ्याने घडवले आहेत. म्हणून मोजणीच्या रेषा त्यांना काटकोनात, वायव्य-आग्नेय आखल्या. दोन रेषांत ५०० मीटर आणि एका रेषेवर दर १०० मीटरला एक स्टेशन. धोऱ्यांची उंची १८ ते २२ मीटर, एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत अंतर सुमारे ७०० मीटर. मधल्या सपाट पट्ट्यात बाजरी, गवार आणि मोठ, म्हणजे आपली मटकी, पिकते. त्यामुळे रेषा आखण्याआधी ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जाऊन उभ्या पिकाबद्दल विचारावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच कामाचा हंगाम. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती आणि इथल्या यंत्राची मर्यादा ४५ अंश आहे.

यंत्र स्किंट्रेक्स सीजी-५ हा ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्वमापक. आत क्वार्ट्झची स्प्रिंग, वजन ८ किलो, वाचनाची बारकाई ०.००१ मिलिगॅल. आतला कक्ष कायम ठरावीक तापमानाला गरम ठेवलेला असतो, म्हणून यंत्र रात्रंदिवस चालू राहायला हवं. एकदा बॅटरी पूर्ण उतरली तर पुन्हा स्थिर व्हायला एक-दोन दिवस जातात. तंबूत जनरेटर बंद केल्यावर ग्रॅव्हिमीटर कशावर चालणार, हा प्रश्न पहिल्या संध्याकाळीच सोडवून ठेवावा.

तुकडीत सहा जण: पार्टी चीफ, ग्रॅव्हिमीटर चालवणारा, जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांवरून अचूक स्थान आणि उंची देणारा, काठीवरचा फिरता ग्राहक) धरणारा सर्व्हेअर, गावातले दोन मदतनीस आणि चालक. चारचाकी जोर असलेली गाडी वाळूत घालण्याआधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणायची आणि डांबरावर चढण्याआधी कंप्रेसरने परत भरायची. हिवाळ्यातही माणशी रोज पाच-सहा लिटर पाणी. झुडपाच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने चाचपायचं. कोकणात जे फुरसं आपण ओळखतो, त्याचीच इथली मोठी उपजात वाळूत अंग पुरून बसते आणि देशात मिळणारं प्रतिविष तिच्यावर तितकंसं चालत नाही. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात पुरेशा कुप्या आहेत हे मोहिमेच्या आधी विचारून ठेवणं हा सर्वेक्षणाचाच भाग आहे.

नकाशावर काय आलं

दहा दिवसांनी पहिल्या चार रेषांचा बूगेर नकाशा, म्हणजे जमिनीच्या उंचीचा परिणाम वजा केलेला गुरुत्वाचा नकाशा, तयार झाला. घनता नेहमीची, २.६७. भूप्रदेश-दुरुस्ती उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या उंची-नकाशावरून, तीही फक्त १७० मीटरच्या पलीकडची. नकाशावर चौथ्या रेषेत ओळीने पाच खड्डे, म्हणजे गुरुत्व कमी असलेल्या जागा, दिसले, प्रत्येक सुमारे १.१ मिलिगॅल खोल. मिठाच्या जाडीकडून अपेक्षा ०.७च्या आसपास, आणि इथे १.१. कार्यालयातून निरोप आला: तिसऱ्या खड्ड्यावर बोअरची खूण करा.

तिसरा खड्डा एका धोऱ्याच्या बरोबर माथ्यावर होता. उरलेले चारही माथ्यांवरच.

इथे तुकडीने खूण न मारता थांबायचं ठरवलं आणि या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय तोच होता. रंगीत नकाशावर धोरे दिसत नाहीत, फक्त निळे-लाल पट्टे दिसतात. पण त्याच रेषेचा गुरुत्वाचा आलेख वर आणि जमिनीच्या उंचीचा आलेख खाली काढला, तर एक दुसऱ्याचं पाण्यातलं प्रतिबिंब वाटावा इतका जुळला. उंची वाढली की गुरुत्व कमी, उंची उतरली की गुरुत्व जास्त. खाली शेकडो मीटरवर असलेल्या मिठाला वर वाऱ्याने कुठे वाळू रचली आहे हे माहीत असण्याचं काही कारण नाही.

दुसरी खूण रुंदीची. एखादा हलका गोळा जेवढा खोल, तेवढा त्याचा परिणाम पृष्ठभागावर पसरट. गोलाकार स्रोतासाठी त्याच्या मध्याची खोली ही आलेखातल्या खड्ड्याच्या निम्म्या खोलीवर मोजलेल्या अर्ध-रुंदीच्या १.३ पट येते, लांबट आडव्या दंडगोलासाठी अर्ध-रुंदीएवढीच. इथे खड्ड्यांची अर्ध-रुंदी ९० मीटर. म्हणजे स्रोत फार तर १२० मीटर खोल असू शकतो. ५०० मीटरवरचं मीठ इतका अरुंद खड्डा देऊच शकत नाही, ते कमीत कमी पाऊण किलोमीटर रुंद पसरेल. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि बोअरची खूण मारण्याआधी ते प्रत्येक वेळी करावं.

१.१ मिलिगॅल आले कुठून

बूगेर दुरुस्तीत समुद्रसपाटीपासून स्टेशनपर्यंतच्या खडकाचं आकर्षण वजा केलं जातं. २.६७ घनतेसाठी दर मीटरला ०.१११९ मिलिगॅल. पण धोरा खडकाचा नाही, वाळूचा आहे. वाळूची घनता १.६५ धरली तर दर मीटरला ०.०६९२ एवढंच आकर्षण असतं. २० मीटर उंच माथ्यावर आपण २.२४ वजा केले, करायला हवे होते १.३८. फरक ०.८६ मिलिगॅल. इतकी 'तूट' माथ्यावर आपणच तयार केली.

उरलेली सुमारे पाव मिलिगॅल भूप्रदेशाची. बूगेरचं सूत्र समजतं की स्टेशनखाली अमर्याद पसरलेली सपाट फळी आहे. माथ्याच्या दोन्ही बाजूंना तर वाळू नाहीच, उतार आहे. या कमतरतेसाठी भूप्रदेश-दुरुस्ती असते आणि ती नेहमी अधिक चिन्हाची असते. इथे फक्त १७० मीटरच्या पलीकडची घेतली होती, कारण ३० मीटरच्या जाळीला १६ मीटरच्या आतला उतार दिसतच नाही आणि धोऱ्याचा तीक्ष्ण माथा ती बोथट करून टाकते. जवळची कडी जागेवर उभं राहूनच मोजावी लागतात.

त्याची रीत जुनी आणि साधी आहे. स्टेशनभोवती तीन कडी: २ ते १६.६ मीटर, तिथून ५३.३ मीटर, तिथून १७० मीटर. पहिल्या कड्याचे चार भाग, बाकी दोन्हींचे सहा. प्रत्येक भागात जमीन स्टेशनपेक्षा सरासरी किती खाली किंवा वर आहे ते हातातल्या क्लिनोमीटरने आणि पावलांनी, किंवा लेझर रेंजफाइंडरने मोजून वहीत लिहायचं. या धोऱ्यावर आकडे असे आले: आतल्या कड्यात माथ्याच्या दोन बाजू ३ मीटर खाली, लांबीच्या दिशेला जवळपास सपाट, मिळून ०.०५ मिलिगॅल. मधल्या कड्यात चार भाग १० मीटर खाली, ०.०८५. बाहेरच्यात चार भाग १८ मीटर खाली, ०.०९. एकूण ०.२३. घनतेचे ०.८६ आणि हे ०.२३ मिळवले की १.०९ होतात. म्हणजे नकाशावरचा १.१चा खड्डा जवळजवळ पूर्णपणे हिशेबातून उगवला होता.

एका स्टेशनवर ही तीन कडी मोजायला सराव झाल्यावर सात-आठ मिनिटं लागतात. रेषा पुढे ढकलण्याची घाई असते तेव्हा हीच मिनिटं पहिली कापली जातात. पण नंतर कार्यालयात बसून ती परत मिळत नाहीत, कारण सुट्या वाळूचा धोरा उन्हाळ्याच्या आंधीत आकार बदलतो. सहा महिन्यांनी मोजलेला उतार हा त्या दिवसाचा उतार नसतो.

दुपारचे लूप बंद का होत नव्हते

इथवरचं कागदावर समजलं. वहीत मात्र आणखी एक तक्रार होती. बेसवर, म्हणजे एका ठरलेल्या पक्क्या जागी, रीडिंग घेऊन निघायचं, स्टेशनं करत जायचं, तीन-चार तासांत परत बेसवर येऊन रीडिंग घ्यायचं, याला लूप म्हणतात. स्प्रिंगची चाल (वेळेबरोबर रीडिंग सावकाश सरकणं) आणि भरती-ओहोटीचा परिणाम वजा केल्यावर सुरुवात आणि शेवट यांत ०.०२ ते ०.०३ मिलिगॅलपेक्षा जास्त फरक नको. सकाळचे लूप ०.०१५च्या आसपास बंद होत होते. दुपारचे ०.०६ ते ०.०९.

भरती-ओहोटीची दुरुस्ती पहिली तपासली. चंद्र-सूर्यामुळे गुरुत्व दिवसभरात सुमारे ०.३ मिलिगॅलपर्यंत हलतं, कधी तासाला ०.०५. यंत्र ती स्वतः वजा करतं, पण त्यासाठी अक्षांश, रेखांश आणि ग्रिनिचपासूनचा वेळेचा फरक बरोबर भरलेला हवा. साडेपाच तासांचं चिन्ह उलटं पडलं तर चूक अशी सावकाश सरकते की ती स्प्रिंगची चालच वाटते. इथे भरणा बरोबर होता. (तरी प्रत्येक मोहिमेच्या पहिल्या रात्री यंत्र तंबूत एका जागी ठेवून रात्रभर रीडिंग घ्यावं. दुरुस्ती बरोबर असेल तर सरळ रेषा येते, चुकली असेल तर लाट.)

मग वाळू. ग्रॅव्हिमीटरची तिपाई तीन टोकदार पायांवर उभी असते. कडक जमिनीवर हे उत्तम. सुट्या वाळूवर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. यंत्र ठेवून पातळी जुळवली, पडद्यावर दोन्ही झुकाव शून्याच्या आसपास, ५ कोनीय सेकंदांच्या आत. साठ सेकंदांचं रीडिंग सुरू झालं. वीस सेकंदांनी एका पायाभोवतीचे वाळूचे कण हळूच आत घसरले, जेमतेम नखाएवढी खळगी पडली. पडद्यावरचा झुकाव ५ वरून १८ वर, मग ३१ वर. चालवणाऱ्याने वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं तेव्हा आकडा पुन्हा उडाला. यंत्र छोटा झुकाव आपोआप भरून काढतं, पण खाली खचणं चालू असताना घेतलेलं रीडिंग एका ठरलेल्या उंचीचं नसतं. त्यात दुपारी वारा सुटतो. सकाळी रीडिंगची विखुरणी ०.०३ असते, ती वाऱ्यात ०.१५ होते.

उपाय स्वस्त आहे. ३० सेंटिमीटर चौरस, १८ मिलिमीटर जाड प्लायवूडची फळी, तिपाईचे पाय बसतील तिथे तीन छोट्या खाचा. वरची कोरडी वाळू फावड्याने १० ते १५ सेंटिमीटर बाजूला करायची, खालच्या घट्ट, किंचित ओलसर वाळूवर फळी ठेवून तिच्यावर उभं राहून दाबायची, मग उतरून दोन मिनिटं थांबायचं. वाऱ्याच्या बाजूला छत्री किंवा कापडाचा आडोसा, पण आडोशाची काठी फळीपासून दीड मीटर दूर, नाहीतर काठीचं थरथरणं वाळूतून यंत्रात उतरतं. रीडिंग चालू असताना सगळ्यांनी खाली बसायचं, आणि कुणी चालायचं नाही. साठ सेकंदांची निदान दोन रीडिंग, दोन्हींत ०.००५ मिलिगॅलपेक्षा कमी फरक. नसेल तर तिसरं. झुकाव मध्ये २० कोनीय सेकंदांहून जास्त सरकला तर ते रीडिंग फेकून द्यायचं, सरासरीत घालायचं नाही.

दुपारच्या लूपमध्ये प्रवासाचाही वाटा होता. सकाळची स्टेशनं पायी, यंत्र पाठीवर सरळ. दुपारची दूरची स्टेशनं गाडीने, यंत्र मागच्या बाकावर कलंडलेलं. कलंडून आणि हादरे खात आलेली क्वार्ट्झची स्प्रिंग लगेच जागेवर येत नाही, काही मिनिटं रीडिंग एकाच दिशेने सरकत राहतं. यंत्र फोमच्या खोक्यात सरळ, पट्टा बांधून, आणि स्टेशनवर पोचल्यावर पाच ते दहा मिनिटांची विश्रांती. त्या वेळात जवळची कडी मोजून होतात, म्हणजे वेळ फुकट जात नाही.

उंचीतल्या दोन चुका, एकमेकींना झाकणाऱ्या

गुरुत्वाच्या कामात आडवं स्थान फारसं नाजूक नाही. या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २८ अंशांवर, उत्तर-दक्षिण एक किलोमीटरला ०.६७ मिलिगॅल बदलतो. दहा मीटर चुकले तरी ०.००७. उंचीचं मात्र तसं नाही. वर जाताना गुरुत्व मुळातच घटतं, ते धरून वाळूच्या घनतेने हिशेब केला तर १० सेंटिमीटरला ०.०२४ मिलिगॅल. म्हणून हातातल्या साध्या जीपीएसची उंची इथे निरुपयोगी आणि बेस-रोव्हरच्या जीएनएसएसची दोन-तीन सेंटिमीटरची उंची आवश्यक. धोरे रेडिओचा संपर्क तोडतात, रोव्हर सपाटीत उतरला की बेसचा सिग्नल जातो. त्यामुळे दोन्हीकडे कच्ची नोंद चालू ठेवायची आणि रात्री एकत्र सोडवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असावं.

या रेषेवर उंचीच्या दोन चुका सापडल्या. पहिली, फळीसाठी धोऱ्यावर खड्डा खणला पण रोव्हरची काठी खड्ड्याच्या काठावर टेकवली. काठ १५ सेंटिमीटर वर, म्हणून स्टेशनची उंची तेवढी जास्त नोंदली गेली आणि बूगेर मूल्य ०.०३६ मिलिगॅलने फुगलं. दुसरी, काही स्टेशनांवर दोन मीटरच्या काठीचं टोक वाळूत १० सेंटिमीटर रुतलं, त्यामुळे उंची कमी नोंदली गेली आणि मूल्य ०.०२४ने घटलं. दोन्ही चुका एकाच स्टेशनवर झाल्या तर एकमेकींना बऱ्याच खातात आणि पुनरावृत्तीच्या वेळी फरक दिसतच नाही. दिसतो तो जिथे एकच झाली तिथे. म्हणून उंचीची चूक शोधताना फक्त 'फरक किती' हे न पाहता, त्या दिवशी काठी कुणी धरली आणि खड्डा खणला होता का, हेही वहीत हवं. काठीला खाली हाताच्या तळव्याएवढा चपटा पाय लावणं आणि तो थेट फळीवरच टेकवणं, या दोन गोष्टींनी प्रश्न संपतो. फळीपासून यंत्राच्या खुणेपर्यंतची उंचीही दर स्टेशनला पट्टीने मोजायची. उतारावर तिपाईचे पाय लांबवले जातात, आठ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो ०.०२५ मिलिगॅल असतो.

वाळूची घनता ठरवणं

१.६५ हा आकडा कुठून आला, हा रास्त प्रश्न आहे. पुस्तकातून उचललेली घनता आणि समोरच्या धोऱ्याची घनता यांत ०.१ चा फरक असला तरी २० मीटरवर ०.०८ मिलिगॅल होतात. म्हणून दोन वाटांनी मोजायची.

पहिली वाट गुरुत्वाचीच. एका स्वच्छ, एकट्या धोऱ्यावरून दर २५ मीटरला एक अशी २१ स्टेशनं घेतली, सपाटीपासून सपाटीपर्यंत. मग तीच रीडिंग १.५, १.६, १.७ असं २.७ पर्यंत वेगवेगळ्या घनतेने सोडवून पाहिली, भूप्रदेश-दुरुस्तीसह. ज्या घनतेला गुरुत्वाचा आलेख धोऱ्याचा आकार 'विसरतो', ती खरी घनता. १.५ला माथ्यावर उंचवटा राहिला, १.८ला खड्डा दिसू लागला, १.६ ते १.७च्या मध्ये रेषा सरळ झाली. ही रीत तेव्हाच चालते जेव्हा टेकडीचा आकार खालच्या खडकावर अवलंबून नसतो. वाऱ्याने रचलेला धोरा ही अट पुष्कळदा पूर्ण करतो, पण नेहमी नाही. काही धोरे खडकाच्या उंचवट्याला अडून साठलेले असतात. तिथे ही रीत फसवते.

दुसरी वाट कोअर कटरची. १० सेंटिमीटर व्यासाचं, सुमारे १२.७ सेंटिमीटर उंच पोलादी नळकांडं, आत बरोबर १००० घन सेंटिमीटर. ओलसर वाळूत हातोड्याने ठोकून बसवायचं, भोवती खणून काढायचं, दोन्ही टोकं सुरीने सपाट करायची आणि वजन घ्यायचं. निव्वळ वाळू १.६३ किलो भरली तर घनता १.६३. कोरड्या वाळूत ही रीत चालत नाही, नळकांडं उचललं की वाळू खालून ओघळून जाते. तिथे छोटा खड्डा खणून निघालेली वाळू तोलायची आणि खड्ड्याचं आकारमान ज्ञात घनतेची प्रमाणित वाळू ओतून काढायचं. दोन्ही वाटा १.६ ते १.७मध्ये आल्या की १.६५ धरायला हरकत नाही.

पण इथे एक सापळा आहे आणि अनुभवी माणसंही त्यात सापडतात. १.६५ हाती आला म्हणून संपूर्ण उंचीला तोच लावायचा नाही. १.६५ ही फक्त धोऱ्याची, म्हणजे मधल्या सपाट पट्ट्याच्या पातळीच्या वर असलेल्या वाळूची घनता आहे. त्याखाली दबलेला गाळ साधारण २.०, त्याखाली खडक. म्हणून आधी सपाट पट्ट्यांच्या उंचीवरून एक गुळगुळीत 'पाया' काढायचा, पायाच्या वरच्या भागाला १.६५ आणि खालच्या भागाला नेहमीची घनता लावायची. हे न करता सगळीकडे १.६५ लावलं तर धोरे नकाशावरून जातात, पण मुलखाचा एकंदर उतार खोट्या प्रादेशिक चढासारखा येतो.

राहिलेला खड्डा

चौथ्या रेषेवरची बारा स्टेशनं पहाटे, वारा सुटण्याआधी, फळी आणि सपाट पायाची काठी घेऊन पुन्हा केली. तीनही कडी मोजली, दोन-थर घनतेने पुन्हा सोडवलं. पाचही माथ्यांवरचे खड्डे ०.०५ मिलिगॅलच्या आत विरले. बोअरची खूण जिथे मारायला सांगितली होती तिथे आता काहीही नव्हतं.

आधीच्या नकाशात न दिसलेली एक गोष्ट मात्र वर आली. रेषेच्या आग्नेय भागात सुमारे तीन किलोमीटर रुंद, ०.६ मिलिगॅलचा सौम्य खड्डा. त्याचा मध्य दोन धोऱ्यांमधल्या सपाटीत पडतो. पहिल्या नकाशात माथ्यांच्या खोट्या खड्ड्यांमुळे ही सपाटी 'उंच' भासत होती, म्हणून तो झाकला गेला होता. रुंदीच्या कसोटीला तो उतरतो, शेकडो मीटर खोलीच्या स्रोताशी जुळतो.

तरीही हे मीठच, असं म्हणता येत नाही. गाळ २.० आणि खालचा खडक २.५ धरला, तर गाळाची जाडी फक्त ३० मीटरने वाढली तरी ०.६३ मिलिगॅलचाच खड्डा पडतो. एखाद्या जुन्या, बुजलेल्या नदीपात्राने एवढं सहज होतं आणि या मुलखात तशी पात्रं आहेत. शिवाय मिठाच्या थरांबरोबर अँहायड्राइट असतं, घनता २.९च्या आसपास, आणि पॉलिहॅलाइट हे पोटॅशचं खनिजही २.७८ इतकं जड. ते मिठाचा हलकेपणा अंशतः भरून काढतात. त्यामुळे गुरुत्वाने पोटॅश थेट दिसत नाही, दिसली तर मिठाच्या खोऱ्याची ठेवण दिसते.

म्हणून चौथ्या रेषेवर बोअरऐवजी पुढची दोन कामं लागली. एक, त्या खड्ड्याच्या मध्यावर आणि दोन्ही काठांवर उभी विद्युत-रोध मोजणी, गाळाची खोली काढण्यासाठी. कोरड्या वाळूत विद्युतप्रवाह जातच नाही, म्हणून प्रवाह सोडण्यासाठी ठोकलेल्या प्रत्येक खुंटीभोवती खड्डा करून मीठ घातलेलं पाच ते दहा लिटर पाणी ओतावं लागतं आणि तेवढं पाणी गाडीत आधीच भरून न्यावं लागतं. दुसरं काम बिनखर्चाचं. आसपासच्या ढाण्यांवर ट्यूबवेल आहेत. त्या खोदणाऱ्या मिस्त्रींना विचारायचं की कडक दगड किती फुटांवर लागला आणि पाणी गोड की खारं. उत्तरं फुटांत मिळतात, ती ०.३०४८ने गुणून मीटर करायची आणि प्रत्येक विहिरीचं स्थान रोव्हरने घेऊन नकाशावर टाकायचं. खड्ड्याच्या मध्यातल्या दोन विहिरींत दगड काठांपेक्षा शंभर फूट खोल लागत असेल, तर ०.६ मिलिगॅलचा हिशेब तिथेच लागतो. खोली सगळीकडे सारखी असेल, तर मिठाची बाजू भक्कम होते आणि मग बोअरची खूण त्या सपाटीत, धोऱ्याच्या माथ्यापासून दूर, मारायची. जमीन ढाणीवाल्याच्या गवारीची असेल तर पीक निघेपर्यंत थांबायचं.